म्हाळोजीच्या घरातला कोळी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही आणि त्या गावाच्या जागी नुसतं बाभळीचं रान उभं आहे. लहानांनी ही गोष्ट मोठ्यांजवळ बसून ऐकावी. मोठ्यांनी ती ऐकताना मान दुसरीकडे वळवू नये.

डोंगराच्या पायथ्याशी साठ-सत्तर उंबऱ्यांचं एक गाव होतं. घरं मातीची, छपरं गवताची. गावचा मुख्य होता म्हाळोजी. माणूस धिप्पाड, आवाज भारी. बांधाचा वाद असो की सोयरीक, लोक त्याच्याकडे यायचे आणि तो सांगेल ते ऐकायचे. तो वाईट नव्हता. फक्त ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द चारचौघांत उच्चारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि त्यामुळे ते त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हते.

त्याची बायको सगुणा. मुलं दोन. सात वर्षांची येसू आणि चार वर्षांचा गोंदा.

पावसाळा सरत आला होता. म्हाळोजीच्या माजघरात धान्याची मोठी कणगी होती. तिच्यामागे, भिंतीच्या अगदी पायाशी, उंदरांनी बीळ पाडलं होतं. ते भिंतीत वेडंवाकडं फिरून बाहेर परसात निघालं होतं.

सगुणा नवऱ्याला म्हणाली, "अहो, कणगीमागचं ते बीळ बुजवून टाका. माझं मनगट आत जाईल एवढं झालंय. ओल धरली की जीवजनावर कोरड्या जागेला येतं. पोरं खाली जमिनीवर झोपतात."

"उद्या बघतो," म्हाळोजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशीही. दगड नव्हते असं नाही, मातीही होती. दारापुढे दोन्हींचा ढीग पडला होता. पण त्यातून म्हाळोजी स्वतःला बसायला चौथरा बांधून घेत होता. गाव पुढ्यात बसेल, आपण वर बसू, एवढा उंच. सगुणानं चौथ्यांदा विचारलं तेव्हा तो चिडला. "एका बिळासाठी किती कटकट करशील? चौथरा होऊ दे, मग बुजवतो."

चौथरा झाला. बीळ तसंच राहिलं.

आणि मग एके सकाळी येसू उठेना.

सगुणानं हाक मारली, हलवलं. पोरीनं डोळे उघडायचा प्रयत्न केला, पण पापण्या वर जाईनात. झोपेनं जड व्हाव्यात तशा त्या अर्ध्यावर लोंबत होत्या. "आई, पोटात दुखतंय," एवढं ती कशीबशी म्हणाली. ते शब्दही जड, तोंडात लापशी असल्यासारखे. सगुणानं पाणी पाजलं, ते गालावरून खाली ओघळलं. गिळायची ताकद उरली नव्हती. अंगावर सूज नाही, जखम नाही, ताप नाही. ऊन अंगणात येईपर्यंत तिचे हातपाय लुळे पडले. दुपार व्हायच्या आत तिचा श्वास थांबला.

सगळ्या गावानं ते पाहिलं, कारण सगळं गाव दारात जमलं होतं. काय झालं ते कुणालाच कळेना. रात्री हसत निजलेली पोर अशी जाते कशी?

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ते बघा! अंथरुणावर!"

येसूच्या उशाशी, वाकळेच्या घडीवर एक कोळी होता. घराघरांतून असतो तसलाच, राखाडी रंगाचा, लांब पायांचा. गर्दीला भिऊन तो वाकळेवरून भिंतीकडे पळत होता.

म्हाळोजीनं पायातलं पायताण काढलं आणि तो भिंतीवरच चिरडला.

"यानंच घेतलं माझ्या पोरीला," तो म्हणाला.

आता त्या क्षणी त्याच्या मनात काय झालं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं. पोर गेली त्या घडीला म्हाळोजीची नजर आपसूक कणगीकडे वळली होती. बीळ त्याला आठवलं होतं. आणि तेवढ्यात कोळी दिसला. त्याला वाटलं, नाही, ते बीळ नाही, हा कोळीच. मग लेक गेल्याच्या दुःखाखाली, अगदी तळाशी, त्याला बरं वाटलं. इतकं अंधुक, की त्यानं स्वतःशीही ते कबूल केलं नसतं. पण वाटलं खरं.

लोकांना तर कारण हवंच होतं. एकानं सांगितलं, कोळी अंगावरून फिरला की फोड येतात. दुसऱ्यानं सांगितलं, त्याच्या मामाच्या गावी एका माणसाच्या कानात कोळी शिरला आणि तो वेडा झाला. कुणीच काही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत जो तो स्वतःच पाहिल्यासारखं बोलू लागला.

येसूला पुरून आल्यावर म्हाळोजी माजघरात उभा राहिला. त्यानं आढ्याकडे बोट दाखवलं. तिथे कोपऱ्यात जळमटं लोंबत होती.

"ही कुणी काढायची होती?"

सगुणा भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं.

"घर झाडायचं काम कुणाचं? तू जळमटं ठेवलीस, म्हणून माझी पोर गेली."

तो हे शेजाऱ्यांच्या देखत बोलला. दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. सगुणाच्या मनात बिळाचा विचार आला होता की नाही, कोण जाणे. नवऱ्याचा तो शब्द असा काही लागला, की त्यापुढे तिला दुसरं काही सुचेनासं झालं. ती उठली. पोरीला मातीत ठेवून आलेल्या हातांनी तिनं केरसुणी घेतली आणि आढं झाडू लागली. झाडत राहिली. रडण्यासाठी तिनं केरसुणी खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाळोजी चौथऱ्यावर बसला आणि त्यानं गावाला हुकूम दिला. प्रत्येक घरातलं जाळं काढायचं. दिसेल तो कोळी मारायचा. आठ दिवसांनी घरं तपासली जातील. ज्याच्या घरात जाळं सापडेल त्याच्या घरी गावानं विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही.

लोक कामाला लागले. भीती वाटत असताना हाताला काम मिळालं की माणसाला हुशारी येते. आढी झाडली गेली, भिंतींना चुना लागला, कोनाड्यांत निंबाचा धूर झाला. पोरं काठ्या घेऊन गोठ्यांतून फिरू लागली. चिरडलेले कोळी मोजून कुणी फुशारकी मारू लागलं. आईच्या कडेवरची मुलं भिंतीवरची सावली हलली तरी किंचाळायला लागली.

गावात हैबती नावाचा गुराखी होता. त्याच्या झोपडीच्या छपरात, जिथे हात पोचत नव्हता तिथे, जाळी होती. तपासणीला दोन दिवस उरले होते. त्यानं काठीला चिंधी गुंडाळली, तेलात बुडवली, पेटवली आणि जाळी जाळायला वर धरली. जाळी जळाली. त्यांच्यामागचं वाळकं गवतही जळालं. भरदुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झोपडी अर्ध्या घटकेत राख झाली. आत बांधलेली गाय आणि वासरू बाहेर काढता आलं नाही. त्यांना काढायला गेलेल्या हैबतीचे दोन्ही तळहात होरपळले.

म्हाळोजी म्हणाला, "वाईट झालं. पण गावावरचं संकट मोठं आहे."

त्या गावात आवडाई नावाची म्हातारी सुईण राहायची. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मलेली होती. येसू आणि गोंदासुद्धा. येसू गेली तेव्हा ती पलीकडच्या वाडीला एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होती. तपासणीच्या दिवशी परत आली ती थेट सगुणाकडे गेली. तिनं सगुणाला जवळ घेतलं, पुष्कळ वेळ पाठीवरून हात फिरवला, आणि मग हळूच विचारलं.

"पोरी, मला सांग. सूज होती का कुठे?"

"नाही."

"पापण्या?"

"उघडत नव्हत्या, मावशी. जड झाल्या होत्या."

"पोटात दुखत होतं? पाणी गिळवत नव्हतं?"

सगुणानं मान हलवली. आवडाईचा हात तिच्या पाठीवर थांबला.

"हा कोळी नव्हे," ती म्हणाली. "ही मण्यार आहे."

मण्यार तुम्ही ऐकली असेल. काळी, सडपातळ, अंगावर पांढरी बारीक आडवी कडी असलेली. दिवसा ती बिळात, फटीत दडते. रात्री उंदरांच्या मागावर निघते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या उबेला येते. तिचा दात सुईहून बारीक. चावली तरी झोपलेल्याला जाग येईलच असं नाही. सूज येत नाही, खूणही धड दिसत नाही. सकाळी फक्त पापण्या उघडत नाहीत.

आवडाई आपल्या घरी गेली, कमरेला एक कापडी पिशवी खोवली आणि तडक चौथऱ्यापाशी आली. गाव जमलेलंच होतं.

"म्हाळोजी," ती म्हणाली, "तुझ्या पोरीला जनावर चावलंय. मण्यार. ती अजून घरात असेल. अंथरुणं झटका, कणगी हलवा, भिंती ठोकून बघा. आणि कोळ्यांच्या मागे लागलेली ही माणसं आवर. बिचाऱ्या हैबतीचं घर गेलं."

"कोळी मी स्वतः पाहिला. पोरीच्या उशाशी होता."

"असेल. कोळी कुणाच्या घरात नाही? माझ्या घरात साठ वर्षं आहेत. माझी नऊ बाळंतपणं त्यांच्या जाळ्यांखाली झाली. रानात काही मोठे, केसाळ कोळी असतात, त्यांना डिवचू नये हे मलाही कळतं. पण घरातल्या कोळ्यानं माणूस मारल्याचं मी माझ्या जन्मात पाहिलेलं नाही. त्याचं तोंड माशीपुरतं असतं रे. माणसाची कातडी त्याला धड टोचत नाही."

"बोलायला काय जातंय," गर्दीतून कुणी म्हणालं.

आवडाईनं कमरेची कापडी पिशवी सोडली. आत एक द्रोण होता आणि त्यात तिच्या घरचा एक कोळी. तिनं तो तळहातावर घेतला. गर्दी दोन पावलं मागे सरली. कोळी तिच्या बोटांवरून मनगटावर चढला, तिथून कोपराकडे पळाला. ती म्हणाली, "हा स्वतःहून चावत नाही. दाबलं तर चावेल, तेही जिवाच्या भीतीनं." आणि तिनं दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याला कातडीवर दाबून धरलं. मग तो हात सगळ्यांपुढे केला. मुंगी चावावी तसा एक लाल ठिपका उठला होता.

"मी इथेच बसते," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत बसते. बघा माझं काय होतंय ते."

ती बसली. ऊन कललं. लाल ठिपका आधी खाजला, मग फिका झाला, मग दिसेनासा झाला. आवडाई मधून कुणाच्या तान्ह्याची विचारपूस करत होती, पान खात होती. गाव तिच्याकडे बघत होतं. काहींच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं. हैबतीनं आपल्या बांधलेल्या तळहातांकडे पाहिलं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला.

त्या वेळी म्हाळोजी हो म्हणाला असता तर ही गोष्ट इथेच थांबली असती.

त्याला कळलं होतं. सगळं कळलं होतं. पण कणगी हलवली की बीळ दिसणार. बीळ दिसलं की सगुणा बोलणार, मी चारदा सांगितलं होतं. मग सगळं गाव विचारणार, की दगडमाती दारात असून ते बुजवलं का नाही? आणि ज्यावर बसून आपण हे ऐकणार, तो चौथरा त्याच दगडांचा.

तो उभा राहिला.

"विष हिला बाधत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "कोळी हिच्या अंगावर फिरतात, हिचं ऐकतात. हे साध्या बाईचं लक्षण आहे का?"

एवढं पुरलं. क्षणापूर्वी जे ओशाळे झाले होते त्यांनाच हे सगळ्यात आधी पटलं, कारण हैबतीचं घर जळू देऊन, पोरांना भेडसावून आपण मूर्खपणा केला असं मानण्यापेक्षा म्हातारी चेटकीण आहे असं मानणं सोपं होतं. जिनं त्यांच्या नाळी कापल्या होत्या, तिच्या घरावर ते चालून गेले. तिची गाडगी फोडली, जळमटांसकट घर पाडलं, आणि तिला नदीपलीकडे, जिथे गुरं कुजायला टाकतात त्या माळावर हाकलून दिलं.

जाताना आवडाई म्हाळोजीपाशी थांबली. ती रागावली नव्हती. घाबरली होती, पण स्वतःसाठी नाही.

"मला घालव," ती म्हणाली. "माझं काय, मी पिकलं पान आहे. पण गोंदाला आज जमिनीवर निजवू नकोस. आणि भिंतीत बघ, बाबा. कुणाला न सांगता का होईना, बघ."

ते शब्द म्हाळोजीच्या डोक्यात राहिले. त्यानं काहीच केलं नाही असं नाही. त्यानं जे केलं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव उरलेली घरं तपासायला गेलं होतं. सगुणा गोंदाला घेऊन नदीवर गेली होती. म्हाळोजी एकटाच परसात आला. त्यानं माती कालवली, चार दगड घेतले, आणि भिंतीच्या पायाशी बाहेरून उघडणारं बिळाचं तोंड गच्च बुजवलं. वरून शेण सारवलं. हात धुतले. त्याला वाटलं, झालं. आता काही आत येणार नाही, आणि कुणाला काही कळणारही नाही.

आतून त्यानं पाहिलं नाही. आतून पाहायचं तर कणगी हलवावी लागली असती, आणि ती एकट्यानं हलत नव्हती. मदतीला बोलावलेल्या माणसानं ते बीळ पाहिलं असतं.

मण्यार त्या वेळी भिंतीत होती. बाहेर जायची तिची वाट म्हाळोजीनं आपल्या हातांनी बंद केली. आता तिला एकच वाट उरली.

गोंदाला त्यानं बाजेवर निजवायला सांगितलं. सगुणानं विचारलं, "का?" तो म्हणाला, "सांगतो तेवढं कर." चार रात्री गोंदा बाजेवर निजला. पाचव्या रात्री तो उकाड्यानं म्हणा, एकटं वाटलं म्हणून म्हणा, बाजेवरून उतरला आणि खाली आईच्या कुशीत येऊन झोपला.

सकाळी सगुणानं त्याला हाक मारली.

त्याच्या पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या.

ती किंचाळली नाही. तिनं मुलाला उचललं आणि घरभर पाहिलं. आढं स्वच्छ होतं. भिंती चुन्यानं पांढऱ्याशुभ्र होत्या. कोपऱ्यात, कोनाड्यात, आढ्यात एकही जाळं नव्हतं. पंधरवडाभर त्या घरात एक कोळी दिसला नव्हता. तिनं रोज दोनदा झाडलं होतं.

"आता कुणी घेतलं याला?" तिनं नवऱ्याला विचारलं. "सांगा. आता कोण होतं उशाशी?"

सगुणानं मुलाला त्याच्या हातांत दिलं, कणगीला खांदा लावला आणि ढकलली. एकट्या माणसाला न हलणारी कणगी हलली, कलंडली, धान्य घरभर पसरलं. मागे बिळाचं काळं तोंड उघडं होतं. त्याच्या कडेला सापाची कात पडली होती, अखंड, कागदासारखी कोरडी.

ती धावत परसात गेली. भिंतीच्या पायाशी ताजं सारवण होतं. शेणावर पाच बोटं उमटली होती. रुंद, जाड बोटं.

ती परत आली तेव्हा म्हाळोजी उंबऱ्यात उभा होता.

"हे कधी लिंपलंत?"

"पाच दिवस झाले."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

त्याची नजर कलंडलेल्या कणगीकडे गेली.

"मला जळमटं काढायला लावलीत," सगुणा म्हणाली. "आणि तुम्हाला माहीत होतं."

म्हाळोजी मुलाला छातीशी धरून पळत सुटला. ज्या वाटेनं आवडाईला हाकललं होतं त्याच वाटेनं, नदीतून, कमरेएवढ्या पाण्यातून तो माळावर गेला. आवडाई पालापाचोळ्याच्या खोपटात होती. अंगात ताप होता. तिनं मुलाला मांडीवर घेतलं, पापण्या उचलून पाहिल्या, छातीला कान लावला.

"औषध दे," म्हाळोजी म्हणाला. "आवडाई, तुझे पाय धरतो. काहीतरी दे."

"याला औषध नाही रे," म्हातारी म्हणाली. ती रडत होती. "माझ्यापाशी आधीही नव्हतं. म्हणून तर मी तुला आधी सांगत होते."

गोंदा तिच्या मांडीवरच गेला. जिच्या हातांवर तो आला होता, तिच्याच.

इकडे गावकऱ्यांनी बीळ खणलं. कणगी होती त्या जागेखालच्या फटीत मण्यार वेटोळं घालून बसली होती. हैबतीनं आपल्या भाजलेल्या हातांनी तिला मारलं. मेलेली मण्यार अंगणात टाकली तेव्हा ती हातभरच भरली. लोक ती बघत उभे राहिले. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

म्हाळोजी संध्याकाळी मुलाचं प्रेत घेऊन परतला. चौथऱ्यावर चढला नाही, खालीच उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं. बीळ, उद्या-उद्या, चौथरा, लिंपण, आवडाईवर घेतलेला आळ, सगळं. "माझं चुकलं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण गावाला तो ओळखू आला नाही.

कुणीतरी त्याच्यावर दगड उचलला. सगुणानं तो हात धरला.

"नका," ती म्हणाली. "आवडाईचं घर पाडायला तुम्हीही होता. तुम्हाला कुणी बांधून नेलं नव्हतं."

दगड खाली पडला.

दुसऱ्या दिवशी लोक आवडाईला आणायला माळावर गेले. तिचं घर पुन्हा बांधून देऊ, गाडगी-मडकी देऊ, असं त्यांनी सांगितलं. ती आली नाही. ताप तिच्या अंगातून गेला नव्हता. पाचव्या दिवशी ती गेली. त्यानंतर त्या गावात अडलेल्या बाळंतिणीसाठी तीन कोसांवरच्या वाडीतून सुईण आणावी लागे, आणि ती नेहमीच वेळेवर पोचत नसे. त्या वर्षी दोन बायका आणि तीन बाळं त्यापायी गेली. त्यांची नावं म्हाळोजीला पाठ होती.

सगुणा माहेरी निघून गेली. म्हाळोजीनं तिला थांब म्हटलं नाही. ते तोंड त्याला नव्हतं.

त्याच्याकडे पुन्हा कुणी वाद घेऊन आलं नाही, सोयरीक विचारायला आलं नाही. तो बरीच वर्षं जगला. दोन छोट्या मातीच्या ढिगाऱ्यांपाशी तो रोज सकाळी जाऊन बसे, आणि तिथून जाणाऱ्याला, ओळखीचा असो की वाटसरू, थांबवून हीच गोष्ट सांगे. काही न लपवता सांगे. ऐकणारा कधी म्हणे, "जाऊ द्या हो, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" तेव्हा तो मान हलवी आणि म्हणे, "पहिली पोर मुद्दाम नाही गेली. दुसरं मात्र मी झाकपाक करताना गेलं."

आपली चूक झाकायला जो निरपराध्यावर दोष टाकतो, तो खऱ्या वैऱ्याला आपल्याच घरात कोंडून ठेवतो.